साडेछत्तीसचे तीन हजार सहाशे बारा

तिला सगळे टेपताई म्हणत. गळ्यात मापाची टेप सकाळी चढायची ती निजतानाच उतरायची. एकदा दाताच्या डॉक्टरकडे ती टेप गळ्यात घेऊनच खुर्चीत बसली होती. वय चोपन्न. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं एक लांब टेबल, एक पडदा आणि पडद्यामागे आरसा. या पडद्यामागे तीस वर्षांत गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईने श्वास आत ओढून धरला होता आणि टेपताईने प्रत्येकीला एकच सांगितलं होतं, "सोडा श्वास. कपड्यात श्वास घ्यायचाच आहे तुम्हाला."

पूर्वी मापं वह्यांत असायची. नऊ वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, वह्यांचा लगदा झाला, तेव्हा मुलीने तिच्या फोनवर शिंप्यांसाठीचं एक ॲप घालून दिलं. टेपताईने आधी नाक मुरडलं आणि मग तिचा त्यावर असा जीव जडला की विचारू नका. एकेका गिऱ्हाइकाचं पान, त्यावर अकरा मापं आणि खाली टिपेसाठी जागा. मापं तर कुणीही घेईल. टेपताईची खरी विद्या त्या टिपांत होती. "डावा खांदा पाव इंच खाली, तिला माहीत नाही, सांगू नये." "पोट झाकायचं म्हणते, पण खरं तर पाठ झाकायची आहे." "कंबर दर वेळी दोन इंच कमी सांगते. मान डोलवावी, टेपवरचं लिहावं." अशी सहाशे त्रेचाळीस पानं.

फोन म्हातारा झाला. बॅटरी फुगून काच एका कोपऱ्यातून उचलली, तशी मुलीने दुसऱ्या गावाहून नवा फोन पाठवला. चांगला, मोठ्या पडद्याचा. फक्त जुना एका सिस्टिमचा आणि नवा दुसरीचा.

"काळजी करू नकोस आई," मुलगी फोनवर म्हणाली. "दोन्ही शेजारी ठेव. सगळं आपोआप जातं."

टेपताईने दोन्ही शेजारी ठेवले. दीड तास निळी रेघ सरकत होती. नंबर आले, फोटो आले, निरोप आले, सात वर्षांपूर्वी चुकून काढलेला छताचा फोटोसुद्धा आला. तिने समाधानाने कात्रीचं चिन्ह असलेलं ॲप उघडलं. पांढराशुभ्र पडदा, आणि मधोमध लिहिलेलं: "अजून एकही ग्राहक नाही. आपला पहिला ग्राहक जोडा!"

"पहिला?" टेपताई इतक्या मोठ्याने म्हणाली की आतून नवरा धावत आला. तो बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा, आणि कुठलीही बस कितीही उशिरा आली तरी येतेच, हा त्याचा अनुभव होता.

"होईल गं," तो म्हणाला.

"काय होईल? कोण करेल? तुम्ही?"

तो परत आत गेला.

मुलीने पुन्हा समजावलं. ॲप आपली माहिती जुन्या सिस्टिमच्या कपाटात ठेवतं. नव्या सिस्टिमचं कपाट वेगळं, किल्ली वेगळी.

"अगं, पण ॲप तेच ना? नाव तेच, कात्री तीच?"

"हो, पण दोन वेगळ्या लोकांनी बनवलंय आई, आतून वेगळं आहे."

"म्हणजे एका घरात राहून अबोला धरलेल्या जावा!"

"आई, तू मदत केंद्राला लिही."

तिने लिहिलं. पलीकडून लगेच उत्तर आलं: आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. आपण फोन बंद करून पुन्हा सुरू केला का? केला. ॲप काढून पुन्हा घातलं का? घातलं. आपला प्रश्न सुटला का? तिने "नाही" दाबलं. उत्तर आलं: आपल्याला मदत करून आनंद झाला. टेपताईने फोन कापडाच्या गठ्ठ्यावर आपटला. टेबलावर नाही, तेवढं भान होतं.

दुसऱ्या दिवशी ती फोनच्या कंपनीच्या दुकानात गेली. काचेचं दार, गार हवा, हातात सत्तेचाळीस नंबरचा कागद. तास-सव्वा तासाने काउंटरवरच्या मुलीने दोन्ही फोन पाहिले आणि गोड हसून म्हणाली, "मॅडम, फोन उत्तम आहे. ॲप आमचं नाही." ॲपवाले म्हणत होते फोनचा दोष, फोनवाले म्हणत होते ॲपचा. यात चोर कोण आणि संन्यासी कोण, तेच टेपताईला कळेना.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण टेबलावर राखाडी लोकरीचं कापड पडलं होतं. ते मोठ्या बाईंचं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी गल्ली त्यांना मोठ्या बाईच म्हणे. नातीच्या पदवीदानाला त्यांना नवा कोट हवा होता, नऊ दिवसांत. त्यांच्या पाठीचा कणा वाकडा. पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळ मस्तकात जायची. मागच्या वेळी टेपताईने त्यांचं माप तीन दिवसांत थोडं थोडं घेतलं होतं, खुर्चीत बसवून. आता तर त्या पडल्या होत्या, कंबरेला पट्टा बांधून आडव्या होत्या. त्यांना पुन्हा टेप लावणं म्हणजे अंगावर काटा. माप होतं, जुन्या फोनमध्ये. पण तो फोन आता दहा मिनिटं जागा राही, मग तापून मिटे, आणि त्या दहातली सहा मिनिटं उघडण्यात आणि उरलेली ॲप जागं होण्यातच जात.

शेवटी ती कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेली. फोन दुरुस्त करायचे, चार्जर विकायचे, प्रिंट काढून द्यायच्या, असं त्याचं एका माणसाचं दुकान. माणूस सरळ. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिचे शर्ट टेपताईच शिवायची.

"ताई, यात 'एक्सपोर्ट' आहे की," जुना फोन पंख्यासमोर धरून तो म्हणाला. "फाइल काढू, मेल करू, नव्यावर उघडू."

फाइल निघाली. नव्या फोनवर बोट ठेवलं. "ही फाइल उघडता येत नाही."

"का?"

"तेवढंच सांगतो तो. का ते नाही सांगत."

"शाळेत असता तर छडी खाल्ली असती त्याने."

त्याने वायर लावली, वायर बसेना. दुसरी लावली, बसली पण दोघांपैकी एकही फोन दुसऱ्याला ओळखेना. मग त्याने फाइल आपल्या कॉम्प्युटरवर घेतली, तिच्या नावाचं शेपूट बदललं, आणि पडद्यावर भलामोठा तक्ता उभा राहिला. नावं, मापं, टिपा. सगळं.

टेपताईचा जीव भांड्यात पडला. "हेच! हेच माझं!"

"आता हे नव्या ॲपमध्ये ओततो. आधी एक प्रिंट काढून ठेवू या, पुन्हा घोळ नको," असं म्हणत त्याने बटण दाबलंसुद्धा.

प्रिंटर घरघरला. एकामागून एक पानं बाहेर पडू लागली, आणि तेव्हा कुठे टेपताईच्या डोक्यात उजेड पडला की बाहेर काय पडतंय. गल्लीतल्या सहाशे त्रेचाळीस जणांच्या कंबरा, कुबडं, लपवलेली पोटं आणि सांगू नये ते सगळं, पांढऱ्यावर काळं, दुकानाच्या काउंटरवर. चार्जर घ्यायला आलेले एक गृहस्थ मान लांब करून पाहत होते.

"थांबवा! बंद करा ते!"

"मधे थांबत नाही ताई, अडकतं."

ती काउंटरच्या आत घुसली आणि पानं गोळा करू लागली. काही खाली पडली. मोबाईलवाल्याने वाकून एक उचललं, द्यायला म्हणून हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. पानावर त्याच्याच बायकोचं नाव होतं.

टेपताईला ती टीप पाठ होती. "खांदा आधी साडेचौदा, आता सव्वापंधरा. तलावावर पोहायला शिकते आहे, खांदे भरताहेत. दर तीन महिन्यांनी माप घ्यावं. घरी कळू देऊ नये."

"पोहायला?" तो म्हणाला. "तिला तर पाण्याची भीती वाटते. समुद्रावर गेलो तर ती चपलासुद्धा काढत नाही."

टेपताईने प्रिंटरमधून पुढचं पान ओढलं. प्रिंटर अजून चालूच होता.

"कधीपासून?"

"भाऊ, ते पान द्या माझ्याकडे."

त्याने दिलं. मग कॉम्प्युटरकडे वळून कामाचंच बोलला, "ओततो मग," आणि उरलेला वेळ पडद्यावरून नजर काढली नाही.

ओतलं एकदाचं. नव्या फोनवर सहाशे त्रेचाळीस नावं आली. टेपताईने मोठ्या बाईंचं पान उघडलं. छाती: तीन हजार सहाशे बारा.

"हे काय?"

तिने साडेछत्तीस असं लिहिलं होतं: छत्तीस, मग जागा सोडून एक, तिरकी रेघ, दोन. नव्या ॲपने जागा गिळली, रेघ गिळली, आणि उरलेले आकडे एकमेकांना चिकटवले. सव्वापंधराचे झाले पंधराशे चौदा. आणि टिपांच्या जागी एकही अक्षर नाही, नुसते रिकामे चौकोन, ओळीने मांडलेले.

"निदान कळतंय तरी," मोबाईलवाला थकून म्हणाला. "शेवटचे दोन आकडे वेगळे काढले की झालं."

"सहाशे त्रेचाळीस जणांचे? प्रत्येकी अकरा?"



दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याची बायको आली. पडद्यामागे गेली नाही, दारातच उभी राहिली.

"ताई, मी तुमच्यापुढे खांदे उघडे करून उभी राहिले, ते काय प्रिंट काढायला?"

टेपताईच्या ओठांवर ॲप, सिस्टिम, कंपनी, वायर सगळं आलं होतं. तिने ते गिळलं.

"चुकलं माझं. आधी विचार करायला हवा होता. केला नाही."

"वीस मीटर जमलं की मीच सांगणार होते. अजून बारावर दम लागतो."

"रागावले का ते?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. आज सकाळी आले तलावावर. काठावर बसले, बूटमोजे घालून, आणि मी एक हात मारला की टाळ्या! शिकवणाऱ्या बाई हसायला लागल्या. मला ते एकटीचं हवं होतं हो. एवढंच एक माझं होतं." तिचे डोळे भरले, मग स्वतःवरच चिडून तिने ते पुसले. "आता रोज येणार म्हणतात."

टेपताईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बसली नाही, पाणी मात्र प्यायली. जाताना म्हणाली, "माझी टीप काढून टाका. माप राहू दे."

त्या दुपारी टेपताईने दाराला आतून कडी घातली आणि प्रिंटचा गठ्ठा टेबलावर घेतला. आधी मोठ्या बाईंचं पान काढलं. उजवा खांदा पाऊण इंच खाली, कॉलर मागून उंच, डावी बाजू उजवीपेक्षा सव्वा इंच आखूड. त्या कागदावरून तिने कोट कापला. आठव्या दिवशी तो त्यांच्या घरी नेला, पलंगावर बसवूनच चढवला. मोठ्या बाईंनी हात पुढे केले, मागे केले, कॉलर चाचपली.

"ओढत नाही कुठे," त्या म्हणाल्या. "पण तुझा चेहरा का असा? कोट चांगला झालाय."

टेपताईने सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ती वर्गातल्या मुलीची तक्रार ऐकावी तशी शेवटपर्यंत ऐकली.

"माझ्याबद्दल काय लिहिलं आहेस?"

"बसवूनच माप घ्यावं. दुखतं, पण म्हणत नाहीत."

मोठ्या बाईंनी वरचं बटण लावलं. "ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण लिहून कशाला ठेवायचं? तुला विसरायला होतं का?"

घरी आल्यावर टेपताई नव्या फोनसमोर बसली. त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की दोन तास, तीन आठवडे. एकेक पान उघडायचं, तीन हजार सहाशे बाराचे साडेछत्तीस करायचे, आणि नव्या ॲपला रेघ पचत नाही म्हणून ते छत्तीस पॉइंट पाच असं लिहायचं. पाव म्हणजे पॉइंट पंचवीस, पाऊण म्हणजे पॉइंट पंचाहत्तर. "शिंप्यांसाठी बनवलंय म्हणे," ती दर दहा पानांनी म्हणायची. "शिंपी पाहिलाय का यांनी कधी?" नवरा चहा ठेवून न बोलता जायचा, "होईल गं" म्हणायची सोय राहिली नव्हती.

टिपांचे चौकोन मात्र तिने भरले नाहीत. कापडाच्या होत्या तेवढ्या लिहिल्या: लोकर टोचते, अस्तर सुती हवं, डावी बाही आखूड. माणसांच्या होत्या त्या प्रिंटवर एकदा वाचल्या आणि कागद कात्रीने बारीक कापला. तीस वर्षांत कात्री कागदाला लावली नव्हती, धार जाते म्हणून.

सहाशे त्रेचाळिसावं पान संपलं त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "झालं ना सगळं आई? बघ, मी म्हटलं होतं. आणि फोन कसा आहे?"

"फोन चांगला आहे," टेपताई म्हणाली. "फोटो छान येतात."