लिफाफ्यावरचा श्री

रायपूर नव्यानं छत्तीसगडची राजधानी झालं आणि कॉम्प्युटर येणाऱ्या पोरींचा भाव एकदम वधारला. मी समता कॉलोनीतल्या एका टायपिंगच्या दुकानात सरकारी टेंडरं टाइप करायची. त्यामुळे माझ्याच लग्नाच्या लिफाफ्यांवर पत्ते छापायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नवरीनं मेंदी सोडून प्रिंटरशी भांडायचं, असं कुठं असते काय!

खरं तर हे काम बाबांचं. आमच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या मराठी घरांच्या पत्रिकांवर पत्ते तेच लिहायचे. अक्षर असं सुरेख, की लोक लिफाफाही जपून ठेवत. पण आदल्या वर्षी लकवा मारला आणि उजवा हात थरथरायला लागला. चारचौघांत ते तो खिशातच ठेवायचे. लेकीच्या लग्नाला आपलं अक्षर नसणार, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. बोलत नव्हते, पण मला दिसत होतं ना!

रविवारी मालक भैयांकडून किल्ली घेतली आणि आईबाबांना दुकानात सोबत नेलं. आधी दुकानातले जुने लिफाफे घालून पाहिले. पहिल्यावर पत्ता उभा आला. दुसऱ्यावर उलटा, तोही झाकणावर! शेवटी फुटपट्टीनं लिफाफा मोजला, तेच माप पेज सेटअपमध्ये भरलं, साध्या कागदावर छापून लिफाफ्यावर धरून पाहिलं. जुळलं एकदाचं.

मग खुशीत लग्नाचा लिफाफा घातला, तर प्रिंटर घर्र करून अडला. ओढून काढला तर पिवळा-लाल चिखल. आईनं घरूनच सगळ्या लिफाफ्यांच्या कोपऱ्यांना ओलं हळदीकुंकू लावून आणलं होतं!

"आधीच काहून लावलं, आई?" मी ओरडलेच.

"शुभकामाचा लिफाफा कोराच घराबाहेर न्यायचा काय?" आई उलट माझ्यावरच.

बाबा हसून राहिले होते. आजारपणानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी रोलर पुसला, आईनं लिफाफे उन्हात वाळवले, आणि पत्ते धडाधड निघायला लागले. बाबांनी एक लिफाफा डाव्या हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"वर श्री नाही घातला तू," ते म्हणाले.

घालायला कितीसा वेळ लागत होता? बोट कीबोर्डवर गेलंही. पण मी वरचा मार्जिन वाढवला, पत्ता दोन बोटं खाली सरकवला आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"श्री तुम्ही घाला, बाबा."

डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी पहिला श्री काढला. वाकडा आला. दुसरा त्याहून वाकडा. मी छापत होते, ते लिहीत होते. हात भरून आला तरी पेन सोडेनात. मला रडू आवरेना, म्हणून उगाच प्रिंटरवर चिडचिड केली.

लग्नाला वर्ध्याहून आत्या आली, बाबांची मोठी बहीण. तिला दिसायचं कमी, गुडघेही गेलेले. ती येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मी विचारलं, "आत्या, पत्ता नीट छापला होता ना?"

"पत्ता शेजारणीनं वाचला, बाई. मले तो वरचा मोठा, वाकडा श्री तेवढा दिसला. म्हटलं, माह्या भावानं असल्या हातानं बोलावलं, आता नाही कसं म्हणू?"

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी भर मांडवात खिशातला हात बाहेर काढला आणि तिचा हात धरला.