खडपाची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, माहेरी नाही, देवीपुढेसुद्धा नाही — तिला काय सांगायचं, तिच्याच मंडपात तर घडलं सगळं. तुम्हाला सांगते. मधेच अडले तर घाई करू नका, येते मी मुद्द्यावर.

मी मासे विकते. हर्णैच्या लिलावात माझा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. तोंड फाटकं आहे हिचं, असं लोक म्हणतात आणि मला त्याचा अभिमान होता — हो, होता. नवऱ्याच्या माघारी होडी, घर, पोर, सगळं मी ह्या तोंडावरच तर ओढलं! पण तोंडाला सवय लागते हो. मग समोर गिऱ्हाईक आहे की घरचं माणूस, ते बघत नाही ते.

आमचे हे तांडेल होते, म्हणजे होडी चालवणारे, खलाशांचे म्होरके. त्यांना समुद्रात एक खडप सापडलं होतं. वरून बघाल तर नुसतं पाणी. खाली मात्र खडकांची अख्खी वाडी, आणि तिथे तांबोशी, शेवंड, अंडी टाकायला येणारे कसले कसले मासे. तिथे पोचायचं तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, मग बाजूच्या आणखी दोन. दोन्ही जुळल्या की गळ सोडायचा. अशी खूण आमच्यात कुणी कुणाला देत नाही. विचारणंसुद्धा वाईट दिसतं. आता मोबाईलवर जागा साठवता येते, पण माझा निलेश साठवत नाही — उद्या कुणी मोबाईल हातात घेतला तर? ह्यांनी आजारपणात मला ती खूण कानात सांगितली. म्हणाले, पोराला दे, बाहेर जाऊ देऊ नकोस.

मग ते पवनचक्क्यांचं आलं. भर समुद्रात पंखे उभे करणार, वाऱ्यावर वीज करणार, आणि ती तळातून केबलने आमच्या किनाऱ्याला आणणार. मी काही विरोधात नव्हते हां! बर्फाच्या कारखान्यातली वीज गेली की पाटीतल्या माशाची काय दशा होते, ते मला विचारा. सर्वेक्षणाची माणसं आली, देवळाच्या मंडपात नकाशा पसरला. त्यांच्यात एक मुलगी होती, सरळ बोलणारी. मासे कुठे धरता, अंडी कुठे टाकतात ते दाखवा, तिथून केबल नेणार नाही, असं म्हणाली. रेषा अजून कागदावरच होती. सगळ्यांनी आपापल्या जागांवर बोटं ठेवली. निलेशनेही हात उचलला होता, मी डोळ्यांनीच दाबला. गावादेखत तिथे बोट ठेवायचं म्हणजे उद्या सगळ्या होड्या तिथेच की!

आणि रेषा जात होती बरोबर त्या खडपावरून. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मनाशी म्हटलं, त्यांची यंत्रं बघतील. आपण कशाला बोला?

तेव्हा भावोजी उठले. ह्यांचे धाकटे भाऊ, प्रकाश. एके काळी ह्यांच्याच होडीवर होते, पण दारूपायी ह्यांनीच त्यांना उतरवलं. म्हणजे ती जागा त्यांना ठाऊक होती, आणि तरी पुढे कधी दुसऱ्याच्या होडीतून तिथे गेले नाहीत. त्या वर्षी शिमग्यात पालखी दारात आली, तेव्हा तिच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी दारू सोडली होती. ते नकाशाजवळ गेले आणि म्हणाले, इथे खडप आहे, मासा अंडी टाकतो, केबल नको. एवढंच. खूण सांगितली नाही.

सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. तांडेलाची बायको ना मी! आणि मी —

थांबा. सांगते.

मी हसले. म्हटलं, "कसलं खडप, भावोजी? आमच्या ह्यांचा जन्म गेला समुद्रात, तिथे नुसता चिखल आहे. सोडली म्हणता ना? मग सकाळी सकाळी खडप कसं दिसलं?"

काय हसले लोक! म्हातारे हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भावोजी माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि निघून गेले.

पुढे काही दिवसांनी निलेशने त्याच खडपावरून तांबोशी आणली. कापली तर आत गच्च गाबोळी. मासा अंड्यांवर आलेला, आणि मी त्याच्या घरावरून केबल जाऊ देणार? ओंजळीत ती गाबोळी धरून बसले, आणि रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावलं, होडीत घातलं, ह्यांची खूण जुळवून दिली. तिने कॅमेरा खाली सोडला. अहो, पडद्यावर काय दिसलं सांगू! जन्मभर ज्यांना पाटीत मेलेलं बघितलं, ते तिथे खेळत होते.

केबल चिखलाच्या बाजूला सरकली. खडपावर जाळं कुणीच टाकायचं नाही आणि अंडी टाकायच्या दिवसांत गळही नाही, असं गावाने ठरवलं. निलेश आधी फुगून बसला, मग म्हणाला, जाऊ दे आई, पिल्लं बाहेर पडली की सगळ्यांनाच मिळतील. वीज येईल, मासाही राहील — असं दोन्ही होईल हे मला खरंच वाटायला लागलंय. गावाने मला शाल-नारळ दिला. मी घेतला. भावोजी मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाहेर पडताना जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, खूण मी दिली नव्हती हां." मलाच समजावत होते हो! मी मान हलवली आणि पुढे गेले.

आता खडपाची राखण करायला समिती व्हायचीय. परवा कुणीतरी म्हणालं, प्रकाशला म्होरक्या करा. लगेच मागून आवाज आला, "कोण, तो सकाळी सकाळी खडप दिसणारा?" पुन्हा सगळे हसले. माझंच वाक्य. अजून गावात फिरतंय, आणि मी बसले होते तिथेच, शाल-नारळ मिळालेली बाई. लिलावात बरं चालतं हे तोंड!

उद्या पुन्हा मंडपात बैठक आहे. तिथे उभी राहून जे बोलायचंय, ते आधी तुमच्यापाशी बोलून बघते. त्या सकाळी भावोजी माझ्याच पडवीत बसून निलेशचं जाळं शिवत होते. माझ्या हातचं घावन खाल्लं, चहा घेतला, आणि तिथून आम्ही बरोबरच मंडपात गेलो. ते प्यायले नव्हते. मला माहीत होतं.