मोजलं कुणी?

कुठलाही आकडा कानावर पडला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "मोजलं कुणी?" समाधान होईपर्यंत चष्मा खाली यायचा नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या माणसाची ती नोकरीच होती.

मुळशीच्या धरणावर ते पाऊस मोजायचे. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. बावीस वर्षांत त्यांचा एक दिवस चुकला नव्हता. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि पुण्याच्या एका मासिकात विज्ञानकथा लिहीत असे. त्या वाचणारे अख्ख्या तालुक्यात दोघेच, एक हे आणि दुसरा पौडच्या दवाखान्यातला कंपाउंडर.

ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. माझा नायक चंद्रावर उतरला तेव्हा पहाट होती आणि दव पडलं होतं. अंक घेऊन हे शाळेत हजर.

"गुरुजी, दव किती पडलं?"

"अहो, गोष्ट आहे ती."

"ते झालं. पन मोजलं कुणी? वरच्या पानावर म्हंता तितं हवा न्हाई, मग दव कुटनं आलं?"

पुढच्या कथेपासून माझा चंद्र कोरडा झाला. हे खरं तर संपादकांच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्यांना दव आवडलं होतं.

मग दर रविवारी दुपारी आम्ही तिघे शाळेच्या व्हरांड्यात बसू लागलो. कंपाउंडरला काळात मागे जाणाऱ्या यंत्राचं भारी वेड. चहा गार होईस्तोवर तो त्यावर बोलायचा. एकदा त्याने विचारलं, "दादा, असं यंत्र मिळालं तर तुम्ही कुठल्या साली जाल?"

"धरनाच्या आदल्या साली," ते म्हणाले, आणि साखर मागितली.

त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. ज्या पाण्याखाली घर गेलं, त्याच पाण्यावर किती पाऊस पडला हे मोजायला ते पुढे नोकरीला लागले. त्याबद्दल ते कधी कडवट बोलले नाहीत. मलाच ते कडू लागायचं.

एका रविवारी त्यांनी शाळेची वही पुढे केली. त्यांनी स्वतः कथा लिहिली होती. पुढच्या शतकातले शास्त्रज्ञ बुडालेल्या गावावर काचेचा घुमट बसवतात, आतलं पाणी उपसतात आणि माणसं आपापल्या घरी परत जातात. चुली पेटतात, आणि धूर नळीतून वर येऊन पाण्यावर बुडबुडे फुटतात. मी इतकी वर्षं लिहीत होतो, पण त्या बुडबुड्यांइतकं चांगलं मला काही सुचलं नव्हतं. मला हेवा वाटला, आणि मी तो सांगूनही टाकला.

फक्त एका ओळीत जागा कोरी होती. "घराचा उंबरा पाण्याखाली ___ फूट."

"काचेची जाडी खोलीवर हाय, गुरुजी. अंदाजानं काच लावली आन् फुटली, तर मानसं दुसऱ्यांदा बुडायची."

मी कथेबद्दल लिहिलं तेव्हा संपादकांनी कळवलं की कथा घेतो, आकडा कोणताही चालेल. ते पत्र मी यांना वाचून दाखवायला नको होतं. त्यांनी वही परत नेली.

कंपाउंडर म्हणाला, नावेतून दोरी सोडा. "दोरी माज्याच घरावर पडली कशावरनं? शेजाऱ्याची खोली माज्या गोष्टीत कशाला?" त्यांना उंबरा डोळ्यांनी दिसायला हवा होता. पाणी उतरून उंबऱ्याला लागलं, की धरणाच्या भिंतीवरची पट्टी वाचायची. भरलेल्या धरणाच्या आकड्यातून ती वजा केली की खोली मिळाली. दर उन्हाळ्यात ते बघून यायचे आणि सांगायचे, "अजून दोन हात." अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी वळीव आलाच नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी नऊ वाजता ऑफिसचा शिपाई माझ्याकडे धावत आला. साडेआठ होऊन गेले आणि हे जागेवर नव्हते. मी तसाच ऑफिसात गेलो. दहाला ते आले. पाय गुडघ्यापर्यंत गाळाने पांढरे झाले होते.

ओव्हरसियर म्हणाले, "आभाळात ढग नाही. शून्य लिहा आणि मोकळे व्हा."

"शून्यबी मोजावं लागतं, सायेब. साडेआठला मी हितं नव्हतो."

त्यांनी रजिस्टरात त्या दिवसाची चौकट कोरी ठेवली. अखंड नोंदीबद्दल त्यांचा सत्कार व्हायचा होता, तो रद्द झाला. पाऊस मोजायचं काम दुसऱ्याला मिळालं आणि यांना ऑफिसच्या बागेत टाकलं. मला त्या ओव्हरसियरचा राग आला. अजून येतो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढा वेळ लागला मोजायला?"

"पट्टी येताना वाचली, उंबरा सातलाच दिसला हुता. मग वट्यावर बसलो." मग जरा ओशाळून म्हणाले, "घरी गेल्यावर मानूस घडीभर बसतोच की."

वहीत त्यांनी एकसष्ट भरले. कथा छापून आली, ती त्यांनी बागेत उभ्या उभ्या वाचली. "काच टिकंल," एवढंच म्हणाले. पण रोज साडेआठला हातातली झारी खाली ठेवून ते पर्जन्यमापकाकडे तोंड करून उभे राहायचे, नवा माणूस नळी वाचून आत जाईपर्यंत.

पुढच्या वर्षीच्या थंडीत ते गेले. कंपाउंडर आणि मी रविवारी एकदा बसून पाहिलं. तो यंत्राबद्दल काही बोलला नाही. नंतर आम्ही बसलो नाही.

उन्हाळ्यात कशाला तरी ऑफिसात गेलो होतो. नवा माणूस जुनी रजिस्टरं नीट लावत होता. त्याने मे महिन्याचं ते पान माझ्यापुढे धरलं. वरपासून खालपर्यंत शून्यं, आणि मध्ये एक कोरी चौकट.

"गुरुजी, एवढी एकच राहिलीय. शून्य टाकून देऊ?"

त्याने टाक दौतीत बुडवला होता. माझा चष्मा कपाळावर कधी गेला, मला कळलं नाही.

"मोजलं कुणी?" मी विचारलं.

त्याने टाक पुसून ठेवला.