मशीनला दिलेला कूलर

काल कूलरला नवा वाळा बसवला आणि भिजलेल्या वाळ्याच्या वासासरशी जळगावची ती डाळ मिल आठवली. तिथे कामगारांच्या नोकरीचे कागद लाल फडक्यांत गठ्ठे बांधून ठेवलेले असत. ते सगळे संगणकात उतरवायचे आणि गठ्ठे रद्दीत काढायचे, अशी मिलची योजना होती. ती तपासायला मला धुळ्याहून बोलावलं होतं. योजना वाचायला चोख होती, रद्दीचा टेम्पोही भरून उभा होता, फक्त माझी सही बाकी होती. मे महिन्याच्या त्या उन्हात मॅनेजर आपल्या केबिनमध्ये घामाघूम बसले होते, नोंदी साठवणाऱ्या संगणकाच्या मशीनच्या खोलीत मात्र वाळ्याचा सुगंधी गारवा. "माझाच कूलर दिला त्याला," ते कौतुकाने म्हणाले, "एवढं महागाचं मशीन, उकाड्यात कसं ठेवणार?" मी मशीनच्या पाठीवरून हात फिरवला, तर तळवा ओला झाला. कूलरचं दमट वारं थेट आत शिरत होतं; मशीन बिघडलं की सगळ्या नोंदीही गेल्या असत्या. एसी बसून नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या जागी जाईपर्यंत एकही गठ्ठा हलवायचा नाही, असं मी लिहून दिलं. टेम्पोतून गठ्ठे उतरायला लागले तसा म्हातारा हमाल पायरीवर टेकला आणि म्हणाला, "मना भरतीना कागद बी त्यामाच शे, भाऊ." त्याच्या नोकरीचा पुरावाही त्याच गठ्ठ्यांत होता. मॅनेजरांनी हळूच विचारलं, "मग कूलर मी परत घेऊ ना?" हो म्हटल्यावर त्यांचाही जीव भांड्यात पडला. काल मीसुद्धा आधी टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवून पाहिला, मगच कूलरसमोर आडवा झालो.