काचेपाशी घेतलेला श्वास

बाळाला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं. अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी उभ्या असलेल्या त्या बाईंना पाहून मला तेच आठवलं. आत त्यांचे यजमान व्हेंटिलेटरवर होते. न्यूमोनियाचा संसर्ग रक्तात पसरला होता. मशीन हवा भरायचं, यजमानांची छाती वर यायची, आणि इकडे बाई श्वास घ्यायच्या. शेजारच्या खाटेवर माझी बहीण होती, तीही मशीनवरच.

एका दुपारी तरुण डॉक्टरीणबाई आल्या.

"मावशी, मशीनमधून प्राणवायू जरा जास्त द्यावा की कमी, यावर आमचा अभ्यास चालू आहे. काकांना त्यात घेऊ का?"

"तुम्हाला काय बरं वाटतं?"

"खरं सांगू? आम्हाला अजून माहीत नाही."

मला रागच आला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना माहीत नाही! बाई मात्र शांतपणे हो म्हणाल्या. धीर देणारे सगळेच होते. 'माहीत नाही' म्हणणारं बहुधा पहिलंच कुणी भेटलं असावं.

काका गेले. मशीन बंद झालं. निघताना बाईंनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"आमच्या ह्यांच्यामुळे काही कळलं का हो?"

"एकट्यावरून नाही कळत, मावशी. अजून पुष्कळ जणांना पाहावं लागेल."

बाईंनी मान हलवली. मग काचेतून शेजारच्या खाटेकडे पाहिलं. माझ्या बहिणीची छाती वर आली, आणि बाईंनी नकळत श्वास घेतला.