समोर जाऊन भांडा

सावली गावच्या बसस्थानकावर मी मोबाईलवर व्हॉइस मेसेज पाठवत मोठ्या भावाशी भांडत होतो. विषय महागाई आणि सरकार. वर्षभर आमचं बोलणं घरच्या ग्रुपवरच्या अशा भांडणांपुरतंच उरलं होतं. शेजारी टेंभरं विकणारी बाई एकेक फळ पदरानं पुसून टोपलीत रचत होती.

“कोणासंग भांडून राह्यले, भाऊ?”

“मोठ्या भावासंग. चंद्रपूरले रायते.”

“मंग फोनवर काऊन? बस उभी हाये, समोर जाऊन भांडा. तोंड पाह्यलं का अर्धा राग तिथीच सरते.”

मी खरंच बसमध्ये चढलो. चंद्रपूरला दादानं घराचं दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि आत ओरडला, “अजून एक ताट वाढ वो!”

आमचं अजूनही पटत नाही, पण आता समोरासमोर भांडतो. त्या बाईचे आभार मानायला मी दोनदा सावलीला गेलो. ती दिसली नाही. दादाला सांगितलं, तर म्हणाला, “पुढच्या टायमाले मीबी येतो.”