पावडर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडील नव्या कचेऱ्यांत साहेबलोकांच्या केबिनांना प्लास्टरची छतं करायला जायचे. त्या प्लास्टरची बारीक पावडर नाकात जाऊ नये म्हणून कामावर तोंडाला ओला रुमाल बांधायचे. तेव्हा दुष्काळ होता, पाण्यावाचून आमच्या गल्लीत धुणं जवळपास बंदच होतं. आई त्यांचे कपडे रोज घरातच, दार लावून झटकायची. बाहेर झटकले तर शेजारणीच्या घागरीत धूळ जाईल, म्हणायची. पांढरी होऊन ती बाहेर आली की आम्ही हसायचो, "आई, आज लई पावडर लावलीस." तीही हसायची.

पुढं तिला खोकला लागला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"काही न्हाई, घरीच असते."

मग वडिलांचं काम ऐकून त्यांनी वडिलांनाच धुळीपासून जपायला सांगितलं. कपडे कोण झटकतं, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही. त्याचा माझा माझ्यावरचा राग अजून जात नाही.

ती गेली त्या दिवशी अंघोळ घातल्यावर शेजारणीनं मायेनं तिच्या तोंडाला पावडर लावली. वडील उठले, खिशातला रुमाल ओला केला आणि तिचं तोंड पुसत बसले.